विश्रांती पायाला, पोराला नाही

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पायाला प्लास्टर चढलं की दवाखान्यातून निघताना पालकांच्या हाती दोन गोष्टी येतात: दुखणं कमी करणारं औषध आणि ‘आता याला शांत ठेवा’ ही सूचना. औषध किती आणि केव्हा द्यायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. शांत कसं ठेवायचं ते घरच्यांनी आपापलं शोधायचं. जागं असताना दहा मिनिटंही एका जागी न टिकणाऱ्या मुलाचे तीन ते सहा आठवडे कसे काढायचे, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी सकाळी उभा राहतो आणि बहुतेक घरांत तो मोबाइलपाशी जाऊन मिटतो.

छत्तीसगडातल्या भिलाईत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, तेव्हापासून हे गाव पाळ्यांवर चालतं. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं सेक्टरांतल्या क्वार्टरांत स्थिरावली; आता त्यांची तिसरी पिढी इथे वाढते आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरात मुलानं ‘शांत’ राहावं यामागे मुलाच्या पायाइतकीच बापाच्या झोपेचीही काळजी असते. आजी-आजोबा अनेकदा नागपुरात. दिवसभर मूल सांभाळणारी बाई एकटी.

डॉक्टर विश्रांती सांगतात ती मोडलेल्या हाडाला, भाजलेल्या कातडीला किंवा दुखावलेल्या मेंदूला. आख्ख्या मुलाला झोपवून ठेवायला ते सांगत नसतात. पायाला विश्रांती असेल तर हात मोकळे असतात. हाताला असेल तर पाय, डोळे, कान आणि तोंड मोकळं असतं. कोणता अवयव थांबवायचा आणि कोणता चालता ठेवायचा हे ठरलं की खेळ आपोआप सुचतात. म्हणून आधी दुखापती पाहू.

चालायला नुकतं शिकलेल्या मुलांत हाड मोडण्याचा एक खास प्रकार आढळतो. डॉक्टर त्याला ‘टॉडलर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. नऊ महिने ते तीन वर्षं या वयात नडगीच्या हाडाला पिळवटून गेलेली बारीक चीर पडते. त्यासाठी उंचावरून पडावं लागत नाही. पाय अडकून अंग वळलं तरी पुरतं. बागेतल्या घसरगुंडीवर मोठ्या माणसानं मुलाला मांडीवर घेऊन घसरणं, हे याचं एक नेहमीचं कारण. मुलाचा बूट घसरगुंडीच्या कडेला अडकतो आणि मोठ्याच्या वजनानं पाय पिळला जातो. पहिल्या एक्स-रेत ही चीर कित्येकदा दिसतच नाही. सात ते दहा दिवसांनी नवं हाड धरू लागलं की दिसते. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे, नाटक करतोय’ असं म्हणण्याआधी थांबावं. नऊ महिन्यांचं किंवा दोन वर्षांचं मूल आठवडाभर लंगडण्याचं नाटक करत नाही. ही चीर तीन-चार आठवड्यांत भरून येते आणि अलीकडे अनेक डॉक्टर प्लास्टरऐवजी काढता-घालता येणारा बूट देतात. या मुलांना काही दिवसांनी रांगावंसं वाटू लागतं, आणि दुखेनासं झालं की ती स्वतःच पाय टेकू लागतात. पाय टेकू द्यायचा की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावं. नुसतं ‘जपा’ एवढ्यावर समाधान मानून उठू नये.

मांडीचं हाड मोडलं तर मामला वेगळा. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना साधारणपणे कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर घालतात, त्याला ‘स्पायका’ म्हणतात. चार ते सहा आठवडे. अगदी लहान मुलांचे दोन्ही पाय कधी कधी वजन लावून छताच्या दिशेनं टांगून ठेवतात. हे पाहून आयांचा धीर सुटतो, पण मुलं या अवस्थेला आपल्या अंदाजापेक्षा लवकर सरावतात. स्पायकामधल्या मुलाला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, आणि इथेच खेळ उपचाराचा भाग होतो. मुलाला छातीखाली उशी देऊन पालथं झोपवायचं, डोकं आणि हात उशीच्या पुढे, आणि समोर जमिनीवर डबे-वाट्या. पाठीवर पडून छताकडे पाहत कंटाळलेलं मूल पालथं झालं की त्याला हातांचं राज्य परत मिळतं. उचलताना दोन माणसं असावीत, आणि दोन पायांच्या मध्ये बसवलेली आडवी दांडी धरून कधीही उचलू नये. ती पकडण्यासाठी नसते. आणखी एक: या प्लास्टरसकट मुलाला स्कूटरवर पुढे बसवून नेणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यांच्याविषयी इथे जास्त लिहीत नाही.

कोपर निखळणं एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्रास होतं. रस्ता ओलांडताना हात धरून झटक्यानं ओढलं, किंवा दोन्ही हात धरून झोके दिले की होतं. डॉक्टर ते दवाखान्यातच क्षणात बसवतात आणि पंधरा-वीस मिनिटांत मूल त्याच हातानं बिस्किट खाऊ लागतं. इथे लांबलचक विश्रांतीचा प्रश्नच येत नाही. झोके देणं थांबवायचं, एवढंच.

भाजण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण भिलाईकरांना ती जवळची आहे. सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू चिकित्सालयाचा भाजलेल्यांचा विभाग हा कारखान्याच्या गरजेतून उभा राहिला आणि आसपासच्या जिल्ह्यांतही त्याचं नाव आहे. पण लहान मुलांना भाजतं ते भट्टीनं नव्हे. चहाचा कप, वरणाचं पातेलं, हिवाळ्यात आंघोळीसाठी बादलीत लावलेला पाणी तापवायचा रॉड ही घरातली कारणं. भाजल्यावर लगेच वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही नको. हे सगळ्यांना सांगून झालं आहे तरी पुन्हा सांगावं लागतं.

जखम भरू लागली की पुढचं संकट आखडण्याचं असतं. भाजलेली कातडी आकसत भरते, आणि मुलाला ज्या स्थितीत बरं वाटतं नेमक्या त्याच स्थितीत ती आखडते. गळ्याला भाजलेलं मूल हनुवटी छातीशी धरून बसतं. काखेत भाजलेलं हात अंगाशी घट्ट धरतं. तळहात भाजलेलं मूठ मिटतं. म्हणून अशा मुलासाठी ‘शांत खेळ’ म्हणजे उलट दिशेचा खेळ. गळा भाजला असेल तर चित्रं आणि खुळखुळे मुलाच्या नजरेच्या वर टांगायचे, म्हणजे मान वर होईल. काख भाजली असेल तर भिंतीवर मुलाच्या हाताला जेमतेम पुरेल इतक्या उंचीवर कागदी चिकटचित्रं लावायला द्यायची. तळहात भाजला असेल तर मोठा मऊ चेंडू दोन्ही हातांनी झेलणं, कणकेची पोळी थापणं. किती ताणायचं हे फिजिओथेरपिस्ट सांगेल, पण दिवसातून दोनदा तो व्यायाम म्हणून करून घेताना रडणारं मूल तेच खेळ म्हणून वीस वेळा करतं. ड्रेसिंग बदलताना साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत. लांब श्वास सोडताना अंग सैल पडतं आणि लक्षही दुसरीकडे जातं. अनेक देशांतल्या बालरुग्णालयांत ही रोजची पद्धत आहे.

डोक्याला मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस खरोखरच शांत ठेवायचं: मंद उजेड, कमी आवाज, पलंग-सोफ्यावर चढउतार बंद. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवण्यात फायदा नाही. मोठ्या मुलांवरच्या संशोधनातून हे दिसलं आहे की पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांच्या तक्रारी एक-दोन दिवसांत हळूहळू नेहमीच्या दिनक्रमाकडे वळणाऱ्यांपेक्षा जास्त टिकल्या. लहानग्यांच्या बाबतीत अडचण ही की त्यांना ‘डोकं दुखतं’ असं सांगता येत नाही. लाडक्या खेळण्याकडे पाठ फिरवणं, न खाणं, समजूत न पटणारी किरकिर, ही त्यांची भाषा. वारंवार उलटी, झटके, उठवूनही नीट न उठणं, चालताना तोल जाणं, यांपैकी काही दिसलं तर खेळाचा विचार सोडून थेट दवाखाना गाठायचा.

आजारी मुलाला आई-वडिलांची आणि खेळाची गरज असते, ही समजूत वैद्यकात फार जुनी नाही. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्यानं लंडनमध्ये ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हा लघुपट केला. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी एका किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. आई-वडिलांना भेटायला थोडाच वेळ मिळतो. मूल रडत नाही म्हणजे ठीक आहे, असं परिचारिकांना वाटत असतं. कॅमेऱ्यात दिसतं ते असं की मूल रडणं गिळतं आहे, मिटत चाललं आहे. डॉक्टर मंडळी या लघुपटावर चिडली होती. पण १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला आणि आई-वडिलांना मुलाजवळ राहू द्यावं हे सरकारी धोरण झालं. त्याच काळात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात एमा प्लँक यांनी मुलांच्या वॉर्डात खेळ आणि शिक्षण आणलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६२ चं. प्लँक मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत शिकलेल्या.

आपल्याकडे आईला मुलाच्या खाटेवरून उठवायची कोणाची छाती झाली नाही, ही आपली जमेची बाजू. वॉर्डात एका खाटेमागे तीन नातेवाईक असतात म्हणून आपण नाकं मुरडतो, पण दोन वर्षांच्या मुलासाठी ती गर्दी औषधासारखी असते. उणीव आहे ती खेळाची. आणि ती भरून काढायची शिदोरी आपल्याच लोकांनी बांधून ठेवली आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम सुरू झालं. माँटेसरीची साधनं महाग. त्यांनी दगड, पानं, बिया, शिंपले, माती यांतून तीच साधनं उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, ही ताराबाईंची रीत. खाटेवर खिळलेल्या मुलालाही हेच लागू पडतं. खेळ त्याच्यापर्यंत चालत आला पाहिजे.

मग खेळ कोणते?

पहिला नंबर स्वयंपाकघराचा. भिलाईच्या बाजारात लाल भाजी, चेच भाजी, चौलाई, मेथी यांचे ढीग असतात. छत्तीसगडइतक्या पालेभाज्या क्वचितच कुठे खात असतील. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाला उशांना टेकवून बसवायचं, पुढ्यात परात आणि मेथीची जुडी. पानं खुडणं, फाडणं, परातीत टाकणं, पुन्हा बाहेर काढणं. अर्धी भाजी वाया जाते, पण वीस मिनिटं जातात, आणि आईचं कामही होतं. बटाटे-कांदे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत. स्टीलच्या डब्यांना झाकणं लावणं-काढणं. मात्र बाप झोपला असेल तर स्टीलच्या जागी प्लॅस्टिकचे डबे, कारण स्टीलच्या झाकणाचा आवाज शेजारच्या क्वार्टरापर्यंत जातो. कणकेचा गोळा हे जगातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ खेळणं. त्यात मीठ घालू नये. बाहेर पुस्तकांत मिठाच्या कणकेच्या कृती सांगतात, पण या वयाची मुलं ती खातातच आणि एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही.

दुसरा नंबर भातुकलीचा, आणि इथे भिलाई महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत आहे. श्रावण अमावास्येला आपला पोळा येतो. छत्तीसगडी पंचांगात ती भादव्याची अमावास्या असते, दिवस तोच. त्या दिवसांत इथल्या बाजारांत मातीचे नंदी बैल आणि मातीची जाती, चुली, छोटी भांडी मांडलेली दिसतात. मुलींनी ‘जातं-पोरा’, म्हणजे जात्या-भांड्यांचा खेळ, खेळायचा आणि मुलग्यांनी चाकांचा बैल ओढायचा, अशी वाटणी इथे चालत आली आहे. नागपूरकडचा तान्हा पोळा आणि त्यातला लाकडी बैल भोसल्यांच्या काळापासूनचा मानला जातो, तो याचाच भाऊ. अक्षय तृतीयेला, म्हणजे इथल्या ‘अक्ती’ला, मुलं मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात. बाहुला-बाहुलीच्या लग्नाची आपली आठवण इथे पूर्ण सणाच्या थाटात जिवंत आहे. जखमी मुलासाठी यात मुलगा-मुलगी ही वाटणी विसरून जावी. प्लास्टरमधला मुलगा बैल ओढू शकत नाही, पण चुलीवर भात शिजवू शकतो. फक्त मातीचा रंग कच्चा असतो आणि या वयात सगळं तोंडात जातं, म्हणून न रंगवलेली, भाजलेली भांडी घ्यावीत.

बाहुलीचं आणखी एक काम आहे. मुलाला जे प्लास्टर आहे तेच बाहुलीला करून द्यावं: जुन्या सुती कापडाची पट्टी, त्याच पायाला. मूल बाहुलीला पाडतं, रडवतं, दवाखान्यात नेतं, सुई टोचतं. पुन्हा पाडतं. घरच्यांना हे अभद्र वाटतं आणि ते अडवतात. अडवू नये. जगभरच्या बालरुग्णालयांत हाच खेळ मुद्दाम खेळवतात. ज्या गोष्टी मुलाच्या अंगावर कोसळल्या, त्या त्याला स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहायच्या असतात.

बसल्या जागच्या बोटांच्या खेळांत आपल्याकडे आपडी-थापडी आहे, इथे ‘अटकन-बटकन’ आहे. जमिनीवर पालथे पंजे ठेवायचे आणि एकानं त्यांवरून बोट फिरवत म्हणायचं. शेजारच्या छत्तीसगडी बाईला हा खेळ शिकवायला सांगावं. मुलाला आईव्यतिरिक्त दुसरं माणूस मिळतं आणि आईला चहा प्यायला वेळ. ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे, त्याच्यासाठी हाच खेळ पायाच्या बोटांवर करता येतो, आणि गुदगुल्यांमुळे तो अधिक रंगतो.

गोष्ट सांगायलाही साधन एकच पुरतं. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या, भिलाई पोलाद कारखान्यातच नोकरी केलेल्या तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथांचं गायन, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की हातातला एक तंबोरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य. घरातला लाकडी चमचा तेवढं सहज करू शकतो: तो बैल होतो, रेल्वे होतो, आजोबा होतो. दोन वर्षांच्या मुलाला नवी गोष्ट नको असते. चिऊकाऊची तीच, त्याच क्रमानं, त्याच आवाजांत. काऊचं घर वाहून जाताना मोठ्यानं ‘गेलं!’ म्हणायचं काम मुलाचं. पुस्तकं असतील तर जाड पानांची, एका पानावर एक-दोन चित्रं. मराठीत माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातली माणसं आणि रोजची कामं आहेत, ती या वयाला कळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतली चित्रपुस्तकं फुकट मिळतात, ती पडद्यावर दाखवण्याऐवजी छापून घेतली तर जास्त चालतात, कारण कागद मुलाच्या हातात राहतो.

बाकी भरपूर आहे आणि थोडक्यात सांगता येईल: रुमालांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या, खिडकीतून रस्त्यावरच्या गाई आणि सायकली मोजणं, जाड खडूनं मोठ्या कागदावर रेघोट्या, प्लास्टरवर चित्रं. प्लास्टरवर स्केचपेन किंवा चिकटचित्रं चालतात; पाण्याचे रंग नकोत, साधं प्लास्टर ओलं झालं की मऊ पडतं.

क्रमाबद्दल एक सूचना. या वयाचं मूल बहुतेक खेळांत जेमतेम पाच-सात मिनिटं रमतं. म्हणून दहा खेळणी एकदम पुढे ओतू नयेत. दोन-तीन ठेवून बाकीची आड ठेवावीत आणि दुपारी बदलावीत. तीच वाटी चार दिवसांनी परत आली तर नवी असते. आणि दिवसातून काही वेळा खेळाऐवजी जागा बदलावी: खाटेवरून जमिनीवर, जमिनीवरून व्हरांड्यात. सेक्टरांतल्या क्वार्टरांना अंगण आहे, झाडं आहेत. संध्याकाळी सतरंजी टाकून अर्धा तास बाहेर घेऊन बसणं घरातल्या दोन तासांच्या बरोबरीचं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हे सकाळी सहालाच उरकावं. प्लास्टरमध्ये घाम आला की खाज सुटते. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा प्लास्टरच्या तोंडाशी सोडावी. पावडर नको, आणि विणायची सुई, पट्टी, झाडूची काडी आत घालणं तर बिलकूल नको. आतली कातडी खरवडली जाते आणि जखम बाहेरून दिसत नाही.

त्याच कारणानं प्लास्टरमधल्या मुलाला डाळी, राजमा, मणी, नाणी खेळायला देऊ नयेत. धान्य वेगळं करण्याचा खेळ बालवाडीत छान, पण इथे दाणे प्लास्टरच्या आत जातात, रुततात आणि जखम करतात. नाकात आणि घशातही जातात. श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तूंत आपल्याकडे शेंगदाणा पुढे असतो. जी वस्तू साधारण सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, छोटी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी यांना तर घरातच थारा नको. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. पॉवर हाऊस बाजाराच्या पदपथावर ती शोधत बसावं लागेल, हे मान्य. न सापडल्यास डबा-वाटी आहेच.

आता मोबाइल. भारतीय बालरोग अकादमीच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली पडदा नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये साधारण हेच सांगितलं आणि बसून राहायच्या वेळात गोष्ट सांगावी असं सुचवलं. नियम दुखापतीच्या काळात थोडा सैल करायला माझी हरकत नाही. ड्रेसिंगच्या दहा मिनिटांसाठी, सुई टोचताना, रात्री दोनला दुखून उठलेल्या मुलासाठी पडदा वापरला तर कुणी आईला बोल लावू नये. नागपूरच्या आजीशी व्हिडिओवर बोलणं तर मी पडद्यात धरतच नाही. अमेरिकन बालरोग अकादमीनंही ते २०१६ मध्ये वगळलं आहे. आजीनं पलीकडून मेथी निवडावी, नातवानं इकडून. पण सकाळी आठला हाती दिलेला फोन रात्री काढून घेणं हे वेगळं प्रकरण आहे. प्लास्टर सहा आठवड्यांत सुटतं. फोन त्यानंतरही सुटत नाही.

मुलाचं वागणं या काळात मागे जातं. बोलणारं मूल हातवारे करतं, वाटीतून दूध पिणारं बाटली मागतं, रात्री ओरडून उठतं. हे तात्पुरतं असतं. थोरलं भावंड घरात उड्या मारत असेल तर त्याला ‘तू याचे पाय’ अशी नेमणूक द्यावी. वस्तू आणून देण्याचा मान मिळाला की मत्सर कमी होतो. प्लास्टर निघाल्यावर मूल आणखी काही आठवडे लंगडतं, पाय बारीक दिसतो, हेही अपेक्षित आहे. घाबरून चोळायला वैदूकडे नेऊ नये. विशेषतः कोपराच्या दुखापतीनंतर जोरानं तेल लावून चोळल्यानं स्नायूत हाड धरू शकतं आणि कोपर कायमचं आखडतं. मूल खेळता खेळता पाय स्वतःच मोकळा करतं; त्यासाठी गवतावर अनवाणी सोडणं पुरतं.

काही खुणांच्या वेळी मात्र खेळ, फोन, आजी सगळं बाजूला ठेवावं: प्लास्टरबाहेरची बोटं निळी, गार किंवा सुजलेली, औषधानंही न थांबणारं रडणं, बोटं न हलवणं, दुर्गंधी, ताप. तेव्हा रात्र असली तरी दवाखान्यात जावं.

शेवटी दोन विनंत्या. हाडांच्या आणि भाजलेल्यांच्या विभागातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘काय करू नये’ याच्या खाली ‘काय करू द्यावं’ अशी एक ओळ लिहावी. पालथं झोपवा, बसवा, रांगू द्या, हात वर करू द्या, एवढ्या चार शब्दांनी घरातले सहा आठवडे बदलतात. दुसरी विनंती भिलाई-दुर्गच्या मराठी मंडळांना. गणेशोत्सवाच्या सामानाच्या कपाटात एक पेटी ठेवा: धुता येणारे मोठे ठोकळे, जाड पानांची मराठी पुस्तकं, न रंगवलेली भातुकली, एक मऊ चेंडू, पट्टी बांधलेली बाहुली. प्लास्टर घातलेलं मूल ज्या घरात असेल तिथे सहा आठवड्यांसाठी द्यायची, परत आली की धुऊन पुढच्या घरी. खर्च एका दिवसाच्या महाप्रसादाच्या मानानं काहीच नाही, आणि पोळ्याच्या बाजारात अर्धं सामान मिळून जाईल.